मोघे सरांची पाठमोरी खुर्ची

मोघे सर कुणाशी गोड बोलू लागले की समजावं, त्या माणसाला त्यांनी आपल्यातून वजा केलं. ज्याच्यावर त्यांचा जीव, त्याला त्यांची बोलणी. अपशब्द नव्हेत, पुण्याहून आलेल्या माणसाला अपशब्दांची गरज पडत नाही. "वृंदे, तुझं वाचन ऐकून मला वाटलं तुझी दाढ दुखतेय," एवढं मला म्हणून ते पुन्हा संहितेत डोकं घालायचे. आमच्या नाटकातल्या एका पन्नाशीच्या गृहस्थाला, बँकेत साहेब असलेल्या माणसाला, "तुम्ही स्टेजवर उभे राहिलात की नेपथ्याचं एक कपाट कमी लागतं" असं त्यांनी त्याच्या बायकोसमोर ऐकवलं होतं. तो गृहस्थ पुढे कितीतरी वर्षं हे वाक्य स्वतःच कौतुकानं लोकांना सांगत फिरला. भोपाळच्या मराठी मंडळींत मोघे सरांची बोलणी खाल्लेली असणं ही एक पदवीच होती.

मी त्यांची प्रॉम्प्टर. विंगेत बसायचं आणि नट वाक्य विसरला की ते त्याच्या कानापर्यंत पोचवायचं, एवढंच माझं काम. "तुझा आवाज कुजबुजण्यासाठीच जन्माला आलाय," असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मला राग आला होता, पण विंगेतून माणसं जशी दिसतात तशी प्रेक्षकांना कधी दिसत नाहीत, आणि त्याची मला चटक लागली.

सर भोपाळच्या सरकारी कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात होते. तरुणपणी बदली होऊन आले ते इथलेच झाले. निवृत्तीनंतर शहराच्या कडेला मिसरोदला छोटं घर बांधलं, काकू गेल्यावर त्यात एकटेच राहत. अंगानं किडकिडीत, गोरेपान, डोळे घारे. पांढरा बुशशर्ट. रविवारी सकाळी अरेरा कॉलनीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम असायची, तिथे येताना बिट्टन मार्केटातून शेंगा घेऊन यायचे आणि तालीमभर सोलत बसायचे. शेंगदाणा कधी कुणाला देऊ केला नाही. टरफलं मात्र कागदात नीट बांधून घरी न्यायचे, झाडांना घालायला.

आणखी एक. अर्धं आयुष्य भोपाळात काढूनही सरांची हिंदी भाजीवाल्याच्या पुढे गेली नाही. "ये भेंडी ताज़ा है क्या?" ही त्यांची हिंदी. ती गॅसवाल्यासाठी, नळवाल्यासाठी, रिक्षावाल्यासाठी. आपल्या माणसांशी मराठी. आमची पोरं "सर, मेरा डायलॉग किधर से है" असं विचारायची आणि सर त्यांना मराठीतच उत्तर द्यायचे, मराठीतच झोडपायचे. चपला दाराशी काढाव्यात तशी ते हिंदी दाराशी काढून आत यायचे. हे मला तेव्हा फार आवडायचं.

पण सरांची खरी ख्याती होती ती खुर्चीची.

नाटकाची पात्रं निवडताना सर भिंतीकडे तोंड करून बसायचे. हॉलच्या टोकाला खुर्ची, खुर्चीची पाठ आमच्याकडे, समोर शाळेची पोपडे आलेली भिंत. मुलं एकेक करून यायची, नाव सांगायचं नाही, दिलेला उतारा वाचायचा आणि जायचं. सर नुसतं ऐकायचे. शेंगा सोलल्याचा आवाज तेवढा यायचा. "चेहरा ही लाच आहे, वृंदे," ते म्हणायचे. "मी घेत नाही."

यामागे एक गोष्ट होती आणि सर ती स्वतःच सांगायचे, नव्या माणसाला तर हमखास. ऐन उमेदीत त्यांनी एका नाटकात नायिकेचं काम एका गोऱ्या, नाकेल्या मुलीला दिलं. वंदना नावाची दुसरी एक काळीसावळी मुलगी तिच्यापेक्षा कितीतरी चांगलं वाचत होती. तिला मोलकरणीचं काम मिळालं. प्रयोगात नायिका भर प्रवेशात गप्प झाली, आणि वंदनानं हातातली केरसुणी थांबवून तिचीही वाक्यं सावरून घेतली. प्रयोग संपल्यावर वंदनाचे वडील आत आले. कारखान्यात फिटर होते. त्यांनी सरांना नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाले, "सर, आमच्या पोरीला तुम्ही ऐकलंच नाहीत. नुसतं बघितलंत."

"कानफटात बसली असती तर बरं झालं असतं," सर सांगायचे. तेव्हापासून खुर्ची फिरली. हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर जड व्हायचा. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा, आणि तो खोटा नव्हता. किती माणसं स्वतःचा दोष एवढ्या मोठ्यानं सांगतात? सांगून सांगून त्या दोषाचा त्यांना थोडा अभिमानही वाटायला लागला होता, हे मला फार उशिरा दिसलं.

ओवी जोगळेकर आली ती याच खुर्चीसमोर. म्हणजे मागे.

तिचे वडील सतीश जोगळेकर आमच्यातलेच, कारखान्यात इंजिनियर. त्यांनी लग्न केलं ते आसेनलाशी. आसेनला नागालँडची, साकेत नगरच्या एका हॉस्पिटलात नर्स. लग्नाच्या वेळी व्हायची ती कुजबुज झाली. मग सतीशच्या आईनं, माईंनी, सुनेला आणि नातीला असं काही पदराखाली घेतलं की पुढे कुणाची तोंड उघडायची छाती झाली नाही. आईबाप ड्युटीवर आणि नात माईंच्या मांडीवर, अशी ओवी वाढली. चेहरा संपूर्ण आईचा. बारीक डोळे, बसकं नाक, रुंद गालफडं. आणि बोलणं संपूर्ण माईंचं, रत्नागिरीकडचं, ठसठशीत. आमच्या घरातली मुलं "मम्मी, मी नहाऊन राहिली" म्हणायची तेव्हा ही कॉलेजातली मुलगी "आजी, न्हाणीघरात चिमणी शिरलीय" म्हणायची.

नाटक सरांनी स्वतः लिहिलेलं. कोकणातली द्वारका नावाची विधवा गोठ्यात मुलींची शाळा काढते, आणि दीर ती मोडायला उठतो. सरांच्या मते हे त्यांचं शेवटचं नाटक, स्पर्धेत उतरवायचं म्हणून ते जिवाचं रान करत होते. ओवीला द्वारका हवी होती. माईंनी तिला उतारा घरी म्हणताना ऐकलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "हे काम तुझं नाही झालं तर मी मोघ्यांच्या घरी जाऊन बसेन."

ओवी वाचायला लागली. दिराला उत्तर देण्याचा प्रवेश. ओरडणं नाही, रडणं नाही. तांदूळ निवडता निवडता बोलावं तशी ती बोलत गेली. शेंगांचा आवाज थांबला. सरांनी चष्मा काढून पुसला. ती गप्प झाल्यावर ते भिंतीलाच म्हणाले, "परत वाच." तिनं परत वाचलं. सरांचे खांदे हलताना मी पाहिले.

"गधडे," सर भिंतीला म्हणाले, "एवढी वर्षं होतीस कुठे तू?"

ओवीनं माझ्याकडे बघितलं. 'गधडे' म्हणजे काय मिळालं ते तिला बरोबर ठाऊक होतं. आनंदानं तिचे कान लाल झाले होते.

आणि सर वळले. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी तसंच ठेवलं. ठेवलं म्हणते, कारण ते आधी आपोआप होतं आणि आता धरून ठेवलेलं दिसत होतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या मागे बघितलं, तिथे आणखी कुणी नाही याची खात्री केली.

"बहुत अच्छा," सर म्हणाले. "बहुत ही अच्छा, बेटा. आप कहाँ से हो?"

"साकेत नगरहून आले, सर."

"नहीं, वैसे कहाँ से?"

"वैसेसुद्धा साकेत नगरच, सर," ओवी हसून म्हणाली. "मी सतीश जोगळेकरांची ओवी."

"अच्छा, अच्छा! सतीश की बेटी!" सर म्हणाले. "वाह."

द्वारका त्यांनी तिलाच दिली. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. इतर मुलींच्या आयांची तोंडं उतरली ती बघून सरांना केवढं समाधान वाटलं! त्या दिवशी ते मला म्हणाले, "बघितलंस? खुर्चीनं न्याय केला." मीही मान डोलावली.

तालमी सुरू झाल्या. दिराचं काम करणाऱ्या पोराला सरांनी पहिल्याच दिवशी रडवलं. द्वारकेची जाऊ झाली होती सानिका, गोरी, घाऱ्या डोळ्यांची, मराठी बोलायची म्हणजे हिंदीला मराठी शेपूट लावायची. "सर, मी इथून एंट्री मारू का?" "मार, आणि मग दीर तुला मारेल, आणि प्रेक्षक मला मारतील. गधडे, चालत ये, माणसासारखी!" सानिका खिदळायची. ती हिंदी वळणानं विचारायची, सर मराठीत झापायचे.

ओवी मराठीत विचारायची आणि सर हिंदीत उत्तर द्यायचे. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. "बेटा, यहाँ ज़रा रुकना है। समझ में आया?" ओवी म्हणायची, "हो सर, 'उंबरठा' म्हटल्यावर थांबते." "शाबाश." चुकली तरी शाबाश, बरोबर आलं तरी शाबाश. ती एकदा अख्खं वाक्य खाऊन गेली, मी विंगेतून ओरडून दिलं, आणि सर म्हणाले, "कोई बात नहीं, बेटा, मुश्किल भाषा है।" ज्या मुलीच्या मराठीवर ते भिंतीकडे बघत रडले होते, तिला ते सांगत होते की भाषा अवघड आहे.

त्यांना वाईट म्हणणं सोपं आहे म्हणून हेही सांगते. दिराचं काम करणारा तो पोरगा एकदा मागे कुजबुजला, "द्वारकाबाईंच्या शाळेत मोमो मिळणार." दोघंतिघं हसले. सरांनी ऐकलं. त्यांनी त्याला कॉलरला धरून हॉलबाहेर काढलं, त्याची चप्पल मागून भिरकावली, आणि म्हणाले, "माझ्या नाटकात असल्या माणसाला जागा नाही." दुसरा दीर शोधावा लागला. मग ते ओवीजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "बेटा, बुरा मत मानना। हमारे लोग ऐसेही हैं।"

हमारे लोग. ओवीनं मान खाली घातली.

जोगळेकरांनी त्यांना जेवायला बोलावलं तेव्हा मीही होते. आसेनलानं पुरणपोळ्या केल्या होत्या, इतक्या पातळ की ताटाची फुलं दिसावीत. सरांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, मग तिला म्हणाले, "ये आपने बनाया? सच में?" "हो सर, माईंनी शिकवलं," आसेनला म्हणाली, तिचं मराठी थोडं तुटक, पण चांगलं. सर तिच्याशी शेवटपर्यंत हिंदीत बोलले. ती वाढायला आत गेली तशी ते माईंकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "खरं सांगा, पुरण तुम्हीच वाटलंत ना?" माईंनी तूप वाढायचं थांबवलं. "माझ्या हातात कुठे राहिलीय आता ताकद," एवढंच म्हणाल्या. पुढे महिनाभर सर सगळ्यांना सांगत होते, नागा बाईनं पुरणपोळी केली, आणि काय सुरेख! कौतुक खरं होतं. तेच तर मला झोंबत होतं.

एका रविवारी तालीम सुटल्यावर ओवी विंगेत माझ्याजवळ बसली. "काकू, सर मला का रागवत नाहीत?"

"बरं आहे की मग."

"त्यांनी मला एकदाच गधडे म्हटलं, तेही न बघता." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "रिक्षावाला विचारतो, नेपाळ की हो क्या. कॉलेजात विचारतात. त्याचं काही वाटत नाही. मराठी नाटकात मला वाटलं होतं, इथे तरी मला घरच्यासारखी बोलणी बसतील."

मी सरांना सांगितलं. फाटकाशी, मिसरोदला, त्यांच्या झाडांना टरफलं घालताना. "सर, तुम्ही ओवीशी हिंदीत बोलता."

"छे! काहीतरीच काय?"

"कायम."

"वृंदे, तुझ्या कानात मळ झालाय. मी? हिंदीत? अगं मी त्या मुलीसाठी माणूस हाकललाय नाटकातून!"

पुढच्या रविवारी हॉलमध्ये शिरताच ते ओवीला म्हणाले, "आओ बेटा, आज दूसरा अंक लेते हैं।" आणि थबकले. माझ्याकडे वळून बघितलं. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. खिशात हात घालावा आणि दुसऱ्याचंच पाकीट हाताला लागावं, तसा. तालीम त्यांनी लवकर आटोपली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्या नकळत होतंय गं. तोंड उघडेपर्यंत मराठीच असतं. तिच्याकडे बघितलं की..." मग त्यांनीच उपाय काढला. ते हिंदीत घसरले की मी पेन्सिल बाकावर वाजवायची. टक्. "दया दाखवू नकोस," म्हणाले.

मी दाखवली नाही.

पहिल्या रविवारी पेन्सिल सतत वाजत होती. सर "बेटा, आप..." म्हणायचे, टक्, ते "अगं, तू..." म्हणायला जायचे, ते शब्द त्यांच्या तोंडात कसे अडायचे! खरंच सांगते, ते वयस्क गृहस्थ घामाघूम व्हायचे. जगात दुसऱ्या कुणाला 'अगं' म्हणायला त्यांना एवढे कष्ट पडले नव्हते. आणि ओवी समोर उभी राहून हे बघायची. तिला 'अगं' म्हणणं म्हणजे किती जड ओझं आहे, हे दर रविवारी सकाळी सगळ्यांदेखत तिच्यासमोर उचलून दाखवलं जात होतं. आम्ही दोघांनी मिळून तिच्यावर उपकार करायचे म्हणून तिचे हाल चालवले होते. पेन्सिल माझ्या हातात होती, पण थांबवा असं तिनंही म्हटलं नाही; तिला द्वारका हवी होती.

मग सरांनी दुसरी पळवाट काढली. ते तिच्याशी बोलेनासेच झाले. "वृंदे, तिला सांग, डावीकडून यायचं." ती चार हातांवर उभी. आणि तिच्या बोलण्यात त्यांना चुका ऐकू यायला लागल्या. तिचा 'च' बोबडा आहे. 'ळ' नीट लागत नाही. "रक्तातच नसतो तो वळसा, तिचा काय दोष," असं मला समजुतीच्या सुरात म्हणाले. मला संताप आला. मी म्हटलं, "सर, खुर्ची फिरवा आणि ऐका." त्यांनी ऐकलं, माणूस प्रामाणिक होता. खुर्ची भिंतीकडे फिरवली, तिला प्रवेश म्हणायला लावला. शेवटपर्यंत एक चूक निघाली नाही. भिंतीकडे तोंड असेपर्यंत तिच्या 'च'ला काही झालेलं नव्हतं.

मला वाटलं, आता फुटेल काहीतरी. सुटेल.

पुढच्या रविवारी सर आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. सगळ्यांना गोल बसवलं. त्यांना वाट सापडली होती. "द्वारका पाठमोरी," ते म्हणाले. "संपूर्ण नाटक. प्रेक्षकांना तिचा चेहरा दिसणारच नाही. डोक्यावर पदर, प्रेक्षकांकडे पाठ, फक्त आवाज. जसं मी ऐकलं, तसं ते ऐकतील. कुणाला लाच नाही!" त्यांचे डोळे चमकत होते. ही त्यांनी ओवीला दिलेली मोठ्यात मोठी भेट होती, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

सानिकाच्या हातातला मोबाइल खाली गेला.

ओवी म्हणाली, "सर, द्वारका मुलींना शिकवते. पाठ फिरवून कशी शिकवेल?"

"ये कला है, बेटा। समझने की कोशिश..."

टक्.

"बंद कर ते!" सर माझ्यावर ओरडले. पेन्सिल हातातून हिसकून त्यांनी फेकली.

"दिराला उत्तर देते तेव्हा तरी वळू द्या ना, सर," ओवी म्हणाली. आवाज अजून नम्रच होता. "तो एक प्रवेश. तेवढाच."

आणि सर तिच्याकडे बघून, तिच्या डोळ्यांत बघून, पहिल्यांदा मराठीत बोलले. न अडखळता, घडाघडा. "अगं, हसतील लोक! नऊवारीत तुझं हे तोंड बघून पहिल्या वाक्याला हसतील! कोकणातली बामणाची विधवा आणि ही कोण उभी केलीय म्हणतील! माझं नाटक जाईल मातीत! एवढं कळत नाही का तुला, गधडे?"

सरांना स्वतःचे शब्द ऐकू यायला थोडा वेळ लागला असावा. मग ते खाली बसले.

ओवीनं कमरेला खोचलेला पदर सोडला. सरावासाठी ती जीन्सवर माईंचं जुनं लुगडं गुंडाळून यायची. ते तिनं उलगडलं, नीट घडी केली, पिशवीत ठेवलं. "लोकांचं मला लहानपणापासून ठाऊक आहे, सर," ती म्हणाली. "तुमचं आज कळलं." आणि गेली. मी दारापर्यंत मागे गेले. तिनं वळून बघितलं नाही, आणि मला हाक मारायचा धीर झाला नाही.

द्वारका सानिकानं केली, प्रेक्षकांकडे तोंड करून. पाठमोरेपणाची गरजच उरली नव्हती. अर्ध्याहून अधिक वाक्यं मी विंगेतून दिली. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि बक्षीस घेताना माइकवर सरांनी खुर्चीची गोष्ट सांगितली, वंदनाची, तिच्या वडिलांची. सवयीनं सांगितली. टाळ्या पडल्या. मध्येच ते कुठेतरी अडखळले आणि गोष्ट पुरी न करता खाली उतरले. माई प्रयोगाला आल्या नव्हत्या. ओवी पुढे शिकायला बंगळूरला गेली. तिथे इंग्रजी नाटकांत काम करते असं कळलं. मराठी नाटकात ती पुन्हा उभी राहिली नाही, आणि सुट्टीत घरी आली की आजीशी सोडून कुणाशी मराठी बोलत नाही, असं सतीश एकदा म्हणाले. मला ते ऐकून रडू आलं.

सर त्यानंतर खचले. नाटक थांबलं, शेंगा थांबल्या. दर भेटीत ओवीचं विचारायचे. "मला माफी मागायची आहे गं. तिची नाही तर तिच्या आईची तरी." दोनदा माझ्याबरोबर जोगळेकरांच्या फाटकापर्यंत आले आणि परत फिरले. ही तळमळ नाटकी नव्हती. त्यांच्यात नाटक फार कमी होतं, तोच तर सगळा घोळ होता.

मग त्यांची अँजिओप्लास्टी झाली, साकेत नगरच्याच हॉस्पिटलात. ज्या मजल्यावर त्यांना ठेवलं, त्या मजल्याची सिस्टर आसेनला. मी दुपारी भेटायला गेले तेव्हा सर उठून बसले होते, चष्मा लावून. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. चेहरा ताजा होता.

"वृंदे, ओवीची आई इथेच आहे म्हणे. बोलव तिला. आत्ता. परत धीर व्हायचा नाही."

मी काउंटरवर गेले. आसेनला आता पंचेचाळिशीची, ठेंगणी, कानांजवळ केस पांढरे झालेले. मी सांगितल्यावर तिनं हातातलं काम संपवलं. मग म्हणाली, "चला. म्हातारा माणूस आहे."

आम्ही दाराशी पोचलो आणि थांबलो. सरांच्या पलंगाशी दुसरी एक नर्स सलाइनची बाटली बदलत होती. मणिपूरची, नव्यानंच लागलेली. उंच, सडपातळ, चष्मेवाली, जेमतेम ओवीच्या वयाची. तोंडावर मास्कही नव्हता. सरांनी तिच्यासमोर हात जोडले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"सिस्टर, मैंने आपकी बेटी के साथ बहुत ग़लत किया," सर म्हणत होते. "बहुत बड़ा पाप। ऐसी आवाज़ मैंने ज़िंदगी में नहीं सुनी थी। मुझे माफ़ कर दो। आपके घर का खाना खाया मैंने..."

ती पोर गोंधळली. औषधांच्या अमलात माणसं काहीबाही बोलतात, हे तिला शिकवलेलं असणार. तिनं त्यांच्या जोडलेल्या हातांवर हात ठेवला. "ठीक है अंकल। कोई बात नहीं। आप रोइए मत।"

सरांनी तो हात कपाळाला लावला. मग त्यांची नजर दाराकडे आली. माझ्याकडे, आणि माझ्याशेजारी उभ्या असलेल्या आसेनलाकडे.

"ये वृंदे, ये! भेटल्या बघ या, स्वतःच आल्या," ते म्हणाले. आणि आसेनलाकडे बघून, अतिशय गोड आवाजात, "सिस्टर, आप ज़रा पाँच मिनट बाद में आइए।"

मी तोंड उघडलं. आसेनलानं माझं मनगट धरलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजूनही सांगता येत नाही. राग नव्हता, एवढं नक्की. "सांगू नका," ती मराठीत म्हणाली. "बीपी वाढेल त्यांचं." आणि शेजारच्या खोलीत गेली. ती तरुण नर्सही ट्रे उचलून बाहेर पडली.

मी आत जाऊन स्टुलावर बसले. सरांनी डोळे पुसले, उशीला टेकले आणि दीर्घ श्वास घेतला. कित्येक महिन्यांत ते इतके निवांत दिसले नव्हते. त्यानंतर आठवडाभरात ते गेले, आणि त्या दुपारनंतर माझी त्यांची भेट झाली नाही.

"केलं गं तिनं माफ," सर म्हणाले. "एका शब्दानंही लावून नाही बोलली. फार मोठ्या मनाची असतात ही माणसं."